डेमोचा पंप

खांद्यावरचा पंप कंपनीचा. पंपातलं औषध हसरे मामांचं. पायाखालचं शेत हसरे मामांचं. अंगावरून निथळत होता तो घाम तेवढा माझा. आमच्या कंपनीत याला डेमो म्हणतात.

"ती कडेची ओळ पण घे रे," मामा बांधावरून ओरडले. "तिथं करपा जास्त आहे. तिथं चालतो का बघू तुझा पंप."

सकाळपासून हेच. उंच झाडाला चालतो का बघू. वाकलेल्या झाडाला चालतो का बघू. उतारावर चालतो का, पानाच्या खालच्या अंगाला लागतो का, वारा सुटला की काय करतो. पंप सगळीकडे चालत होता. बटण दाबलं की घूं करायचा आणि टोमॅटोच्या ओळीवर धुकं पडायचं. फक्त मी किंमत सांगायला तोंड उघडलं की मामा हात वर करायचे.

"राहू दे रे ते. आधी काम बघू. पैशाचं काय, तू आपलाच आहेस."

मामा काही माझे मामा नाहीत. अख्खं गाव त्यांना हसरे मामा म्हणतं, कारण त्यांचं तोंड कायम हसरं. कुणाच्या मयताला गेले तरी हसरंच. आई म्हणते, "दात पुढे आहेत बिचाऱ्याचे, त्याचा काय दोष." पण मला तेव्हा ते हसू खरं वाटायचं. आपल्याला बघून कोणी हसतंय हे बरंच वाटतं ना.

आभाळ त्या दिवसांत फार वाईट वागत होतं. ढग यायचे आणि नुसते बसून राहायचे. पाऊस नाही, ऊन नाही. घरी आलेला पाहुणा धड जेवतही नाही आणि जातही नाही, तसं. त्या दमट हवेत करपा आला. पानावर आधी बारीक काळा ठिपका, दुसऱ्या दिवशी बोटाएवढा डाग, मग पान वाळून खाली. ज्याचा टोमॅटो होता त्याची झोप उडाली होती. सगळ्यांना एकाच वेळी औषध मारायचं होतं. म्हणजे बॅटरीचा पंप विकायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत, असं साहेबही म्हणाले होते.

साहेब म्हणजे कंपनीचे. शहरात एका थंडगार हॉलमध्ये त्यांनी आम्हाला दोन दिवस शिकवलं होतं.

"पंप विकायला जाऊ नका," ते म्हणाले होते. "नातं जोडायला जा. त्यांचं सुख-दुःख विचारा. हातभार लावा. पंप आपोआप विकला जाईल. आणि नकार आला की काय करायचं?"

"हसायचं!" आम्ही सगळे ओरडलो.

"कुठून?"

"आतून!"

आणखी एक सांगितलं होतं. ज्या दिवशी समोरचा माणूस स्वतःहून किंमत विचारेल, त्या दिवशी समजायचं की नातं पक्कं झालं. मला हे सगळं पटलं होतं. खोटं कशाला बोलू. शाळा मी अर्ध्यात सोडलेली, त्यानंतर मला खुर्चीवर बसवून, मित्रा म्हणून, कोणी काही शिकवलं नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी कंपनीच्या ग्रुपवर माझा हसरा फोटो जायचा. खाली लिहायचं, 'आज मी नवीन नातं जोडणार.'

तर त्या दिवशी मामांच्या शेताचा खालचा निम्मा भाग मारून झाला. पट्ट्यांनी खांदे सोलले होते. डोळे चुरचुरत होते, जिभेवर औषधाची कडू चव. पंप उतरवला तर मामा हसले.

"छान आहे रे पंप. वरचा भाग पण एकदा बघू. ये दोन-तीन दिवसांनी. मग ठरवू."

मी पण हसलो. आतून.

घरी आलो तर बाबा दारात त्यांचा पंप उघडून बसलेले.

बाबा फवारणीवाले. दुसऱ्याच्या शेतात औषध मारायचं आणि टाकीमागे मजुरी घ्यायची, मला कळायला लागल्यापासून त्यांचं हेच काम. त्यांचा पंप जुना, हाताचा. डाव्या बाजूला दांडा असतो तो सारखा खाली-वर करायचा, तेव्हा कुठे उजव्या हातातल्या नळीतून फवारा निघतो. पट्ट्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. डाव्या हाताला इतकी सवय की झोपेतही तो खाली-वर व्हायचा. लहानपणी मी त्यांच्या डाव्या अंगाला झोपायचो नाही, कोपर लागायचं.

"आज पण वायसर बदलताय?" मी विचारलं. "काल बदललं होतं ना?"

"काल नीट बसलं नव्हतं."

"परवा पण..."

"पोरगा साहेब झाला म्हणून बापाने गळका पंप वागवायचा का?"

आई आतून ओरडली, "आधी बाहेर अंग धू, मग आत ये. त्या वासाने घास उतरत नाही माझ्या."

दाराशी पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. फवारणीच्या दिवसांत आमच्या दाराशी दोन बादल्या असतात, एक बाबांची आणि आता एक माझी. त्या दिवशी एकच होती. मला ते दिसलं. दिसलं आणि मी साबण लावायला लागलो. अंग इतकं दुखत होतं की डोकं पुढे चाललंच नाही.

बाबांना बॅटरीचा पंप पहिल्यापासून आवडत नव्हता. "करंट बसेल एखाद्या दिवशी," म्हणायचे. मी सांगायचो की बसत नाही. "आज नाही बसत, उद्या बसेल," म्हणायचे. असल्या माणसाला काय पटवणार? आई वेगळ्याच कारणाने चिडायची. रात्रभर चार्जर लावायला लागायचा आणि घरात प्लग एकच. "त्याला दूध पाजतोस तसं पाजतोस रोज," ती म्हणायची. "मोठा होऊन काही कमावणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाला आणि गिरणीवाला बोलत बसले होते.

"आला रे डेमो," गिरणीवाला म्हणाला. हे माझं नवीन नाव. "बरं झालं. उद्या माझ्याकडे ये, काकडीवर मारायचंय."

"तुमच्याकडे परवाच मारलं ना मी?"

"परवा खालच्या तुकड्यात मारलंस. वरची जमीन वेगळी. तिथं चालतो का बघायला नको?"

"काका, पंप जमिनीवर कुठे चालतो? पाठीवर चालतो."

टपरीवाला चहा सांडेपर्यंत हसला. मला वाटलं आता विषय निघालाय तर पुढे रेटू.

"किंमत तरी विचारा की एकदा."

"अरे, दुधाची चव घेतल्याशिवाय कोणी म्हशीचा भाव करतं का?"

"चव किती वेळा घ्यायची पण? अख्खी धार काढून नेताय रोज."

"बोलायला शिकवलंय हं कंपनीने," गिरणीवाला म्हणाला आणि उठला. "उद्या ऊन चढायच्या आत ये. तू आपलाच आहेस म्हणून हक्काने सांगतोय."

तो गेल्यावर टपरीवाल्याने माझा ग्लास विसळायला घेतला.

"तुझ्या बाबांना सांग," तो म्हणाला, "बरं केलंत, आराम करा आता. पोरगा हाताशी आला."

"आराम कसला? ते जातात ना कामाला."

टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग ग्लासाकडे बघितलं. "या दिवसांत माझा पहिला चहा तोच प्यायचा. पाठीवर पंप घेऊन, उभ्या उभ्या. किती दिवस झाले, आला नाही तो. मला वाटलं तुला माहीत असेल."

"का नाही आले?"

"आता मी काय सांगू? लोकांना काय कळत नाही का रे? त्याला बोलावलं तर टाकीमागे पैसे मोजावे लागतात. तुला बोलावलं तर नुसतं आपलाच म्हणावं लागतं."

चहाचे पैसे दिले की नाही तेही आठवत नाही. चालताना एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. एक बादली. रोज बदललेलं वायसर. आणि मी ज्या ज्या दारात गेलो होतो ती सगळी दारं. अनोळखी म्हणून कुठे गेलोच नव्हतो मी. दारात उभं राहून काय म्हणायचो? 'मी फवारणीवाल्याचा मुलगा.' लगेच दार उघडायचं. साहेबांना वाटायचं पोरगा हुशार आहे, किती पटकन ओळखी काढतो. ओळखी बाबांच्या होत्या. मी त्यांच्यावर फुकटचं औषध मारत फिरत होतो.

बाबा दारातच होते. मी समोर उभा राहिलो.

"तुम्हाला कोणी बोलावत नाही?"

वायसर त्यांच्या हातातून सुटून घरंगळत गेलं. ते शोधायच्या निमित्ताने त्यांनी मान खाली घातली.

"आभाळ बरं नाही," ते म्हणाले.

"बाबा."

"काय बाबा? तू सांग, साहेब. किती विकलेस?"

मी घरंगळलेलं वायसर उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"एक?"

"नाही."

"आणि शेतं किती मारलीस?"

"मला सांगायचं ना तुम्ही!"

"काय सांगू? पोटच्या पोराला म्हणू, माझं काम खाऊ नको?"

"मला काय माहीत होतं? मी त्या लोकांशी नातं जोडत होतो." बोललो, आणि माझ्याच तोंडात ते वाक्य थंड चहासारखं लागलं.

बाबा उठले. "कोणाशी? हसऱ्याशी? त्याचं माझं नातं ठाऊक आहे तुला? मी औषध मारतो, तो पैसे देतो. रडत देतो पण देतो. मी आजारी पडलो तर तो येत नाही. तो आजारी पडला तर मी जात नाही. पण मी शेतात असलो की पाण्याचा तांब्या न मागता बांधावर येतो. एवढंच आहे ते, आणि तेवढं पुरतं आम्हाला. मला तो कधी आपला म्हणाला नाही. पैसे द्यायचे असले की कोणी आपला म्हणत नसतं."

"ओरडा, अजून ओरडा," आई आतून आली. "शेजारच्यांना नीट ऐकू आलं नसेल. त्यांच्याकडे पण एक डेमो देऊन या दोघं."

कोणी हसलं नाही. तीही नाही. बाबा परत खाली बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. त्यांचा डावा हात मांडीवर खाली-वर होत होता. त्यांना ते कळतही नव्हतं.

गिरणीवाल्याकडे मी गेलो नाही. फोटोही टाकला नाही. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मित्रा, आज तुझं हसू दिसलं नाही ग्रुपवर."

"साहेब, लोक फुकट काम करून घेतात. पंप कोणी घेत नाही."

"हे बघ, हा विचारच चुकीचा आहे. ते तुला आपलं मानतात म्हणून बोलावतात. याला विश्वास म्हणतात."

"याला वेठ म्हणतात साहेब. माझ्या बाबांची मजुरी बुडाली."

"घरचं आणि कामाचं मिसळू नये." त्यांच्या मागे गाड्यांचा आवाज येत होता. "शनिवारपर्यंत एक पंप तरी जाऊ दे. नाहीतर डेमोचा पंप जमा करावा लागेल. दुसरा मुलगा तयार आहे, वरून सांगितलंय मला."

"मी काय करू मग?"

"हस," साहेब म्हणाले. मग आवाज उतरला त्यांचा. "अरे, माझ्याही डोक्यावर बसलेत कोणीतरी. मलाही रोज सकाळी वर फोटो पाठवावा लागतो. दाढी करून." आणि फोन ठेवला.

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. अर्धाच आला.

हसरे मामांच्या शेताचा वरचा भाग राहिला होता. मी ठरवलं, आज हो किंवा नाही, काहीतरी घेऊनच यायचं. पण शेतावर पोचलो तर मामांनी औषध कालवून ड्रम भरून ठेवलेला. पानं खरंच वाईट दिसत होती. मी काही बोलायच्या आत मामांनी पंपाचं झाकण उघडलं आणि औषध ओतलं. माझेही पाय वळले ओळीकडे. सवय फार वाईट.

वारा पाठीवर घेऊन मारत गेलो. घाम डोळ्यात जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. तोंडाला बांधलेलं फडकं ओलं होऊन नाकाला चिकटलं होतं. निम्म्या भागात आलो तोवर घशाला कोरड पडली. बांधाकडे बघितलं. बांधावर मामा होते, त्यांची छत्री होती, बांधाखाली त्यांचे डोक्यावर फडकी बांधलेले दोन गडी तोडणी करत होते. तांब्या नव्हता.

"मामा, पाणी."

"विहिरीवर जा ना," मामा हसत म्हणाले. "तू काय परका आहेस? घे आपलं आपण."

विहीर शेताच्या दुसऱ्या टोकाला होती.

मी बटण बंद केलं. घूं बंद झालं तसं एकदम शांत वाटलं, गड्यांनीही मान वर केली. तोंडाचं फडकं सोडलं आणि जिथे उभा होतो तिथल्या झाडाच्या आधाराच्या काठीला बांधलं, इथपर्यंत मारलं याची खूण म्हणून. ड्रमपाशी जाऊन टाकीतलं उरलेलं औषध परत त्यात ओतलं. त्यांचं औषध त्यांना.

"काय झालं रे? बॅटरी गेली?"

"डेमो संपला मामा."

"अरे पण अर्धं राहिलं!"

"पंप उंचाला चालतो, वाकड्याला चालतो, उताराला चालतो. अर्ध्या शेतात कळलं नसेल तर पुऱ्या शेतात पण नाही कळणार. उरलेलं बाबा मारतील. त्यांना बोलवा. टाकीमागे जे देता ते द्या."

मामांचं तोंड हसरंच होतं. पण डोळे हसायचे थांबले.

"मी तुला घरचा समजलो, आणि तू व्यवहारावर आलास."

"पंप विकायलाच आलो होतो मामा. पहिल्या दिवसापासून."

"तुझ्या साहेबाला फोन लावतो मी."

"लावा. ते तुम्हाला हसायला सांगतील."

वाटेत जरा ताठ चालत होतो. घरी जाऊन सांगितलं तेव्हा वाटलं होतं, बाबा निदान पाठीवर हात ठेवतील. बाबा ताडकन उठले.

"अर्ध्यात सोडलंस?"

"तुमच्यासाठीच..."

"औषध अर्ध्यात सोडतात का, मूर्खा! मारलेलं आणि न मारलेलं शेजारी शेजारी. करपा इकडून तिकडे यायला किती वेळ? मजुरीचं भांडण करायचं तर टाकी पाठीवर घ्यायच्या आधी करायचं. पाठीवर घेतली की ओळ संपेपर्यंत गप्प बसायचं. आजवर मी एक ओळ अर्धी सोडली नाही कोणाची. आता म्हणतील, फवारणीवाल्याच्या घरचे असे."

म्हणजे मामा तुटले, साहेब तुटणार होते, आणि ज्यांच्यासाठी केलं ते हे असे. मी पंप भिंतीला टेकवला आणि मागे जाऊन नुसता बसलो. आई येऊन शेजारी उभी राहिली. माझ्या खांद्यावरची सोललेली जागा बघितली आणि त्यावर तेलाचं बोट फिरवलं. "जळेल," ती म्हणाली. लावून झाल्यावर म्हणाली.

त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आभाळ तसंच बसलेलं. गिरणीवाल्याने निरोप पाठवला, पोरगा आजारी आहे का. बाबा दारात बसून वाटेकडे बघत नाहीत असं दाखवत वाटेकडे बघायचे. एखादी मोटारसायकल वाजली की त्यांची मान थोडी वळायची आणि गाडी पुढे गेली की पंपाच्या नळीत काहीतरी अडकलंय असं करून ते फुंकर मारायचे. मीही मनात एकच म्हणत होतो, कोणीतरी बोलवा यांना. पंप कोणी घेऊ नका, मला कामावरून काढा, पण यांना कोणीतरी हाक मारा.

शनिवारी उजाडताना गाडी वाजली आणि दारात थांबली. हसरे मामा. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"फवारणीवाले आहेत का घरात?"

बाबा समोरच बसले होते. तरी आईने आतून सांगितलं, "बघते हं." बाबा आत गेले, तोंड धुतलं, बाहेर आले.

"करपा फडक्यापाशी आलाय," मामा म्हणाले. "चल बाबा. आणि हे बघ, हा पोराचाच पंप घे. लवकर आटपेल. आभाळ बघतोयस ना, आज पडेल असं दिसतंय."

बाबांनी स्वतःच्या पंपाकडे बघितलं. वायसर नवीन, नळी साफ, पट्टा तेल लावलेला. मग माझ्या पंपाकडे बघितलं.

"तो आज जमा करायचाय," मी म्हणालो.

"दुपारी कर," बाबा म्हणाले. "चार्ज आहे का?"

"रात्रभर दूध पीत होता," आई म्हणाली.

शेतावर पोचलो. बांधावर तांब्या होता, झाकण ठेवलेला. मी औषध गाळून टाकी भरली, बाबांच्या पाठीवर चढवली, पट्टे त्यांच्या मापाचे केले. बटण कुठलं ते दाखवलं. त्यांनी त्याला हात लावायच्या आधी बोट पँटला पुसून कोरडं केलं. करंट बसू नये म्हणून.

मामा जवळ आले. हसू परत आलं होतं.

"एक बोलू का? पंप तर डेमोचाच आहे ना हा. मग टाकीचे पैसे कसले? डेमोचं डेमोत होऊन जाऊ दे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी एक पट्टा खांद्यावरून काढला. दुसरा नाही काढला. तसेच तिरके उभे राहिले.

"पंप डेमोचा आहे," ते म्हणाले. "माणूस डेमोचा नाही. टाकी अजून सुरू केली नाही मी, आत्ताच काय ते सांगा."

गडी थांबले. मामांनी वर बघितलं. ढग अगदी खाली आले होते. मग पुढच्या ओळीकडे बघितलं, जिथे पानं काळी पडली होती.

"नेहमीचं," मामा म्हणाले.

"नेहमीचं," बाबा म्हणाले आणि पट्टा परत खांद्यावर घेतला.

ते फडक्यापाशी गेले. काठीचं फडकं सोडलं, झटकलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "माणूस आहेस का घोडा," म्हणाले आणि तेच तोंडाला बांधलं. मग बटण दाबलं. घूं आवाज आला तसे दचकले, मान मागे वळवून बघितलं, आणि चालायला लागले.

मी बघत राहिलो. उजव्या हातातली नळी पानाखालून वर, वरून खाली, त्यांच्या सवयीने चालली होती. आणि डावा हात खाली-वर होत होता. खाली-वर, खाली-वर. दांडा नव्हता तिथे. काहीच नव्हतं. गड्यांनी बघितलं, एक हसला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. बाबा ओळीच्या टोकापर्यंत तसेच गेले, रिकाम्या हवेला पंप मारत.

खिशात फोन वाजला. साहेब. 'शनिवार. आजचा फोटो?' मी बाबांचा काढला आणि पाठवला. डावा हात पुसट आला. लगेच उत्तर आलं, 'वा मित्रा! नवीन ग्राहक का?' मी लिहिलं, 'नाही. पंप दुपारी जमा करतो.' अंगठा आला. तो कशाला होता, फोटोला की जमा करण्याला, ते त्यांनाच माहीत.

बाबा ओळ संपवून परत आले. टाकी रिकामी झाली होती. बांधावर बसून तांब्यातलं पाणी प्यायले, उरलेलं माझ्याकडे सरकवलं. डावा हात मांडीवर ठेवला तर तो तिथेही हलत होता. त्यांनी उजव्या हाताने तो दाबून धरला.

"ऐकत नाही रे," ते म्हणाले. जरा लाजले होते.

मी पंप उघडून भरायला घेतला. त्यांनी पंपाला एक टिचकी मारली, जनावराच्या पाठीवर मारतात तशी.

"केवढ्याला आहे हा?"

माझा हात थांबला. इतकी शेतं, इतके खांदे सोलून घेतले, इतके लोक आपले झाले. हे कोणी विचारलं नव्हतं.

मी किंमत सांगितली. एक रुपया कमी नाही, जास्त नाही.

बाबांनी शीळ घातली. गडी बघायला लागले.

"आपल्याला नाही परवडायचा बाबा," मी म्हणालो.

"मी घेतो म्हणालो का?" ते उठले आणि पाठ माझ्याकडे केली. "नुसतं विचारलं. चढव टाकी, थेंब पडायच्या आत वरची ओळ होऊ दे."